वॉर्डातली खेळताई व्हायचंय? खानदेशातून सुरुवात कशी करायची

कुठल्याही सिव्हिल हॉस्पिटलच्या बाल ओपीडीबाहेर अर्धा तास बाकावर बसा. "गप बैस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील" हे वाक्य कानावर येणारच. जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, आई मराठीत बोलो की अहिराणीत, धमकी तीच. पोर गप बसतं. मग तासाभराने त्याला खरंच सुई टोचली जाते. आता त्या पोराच्या दृष्टीने सरळ हिशोब असा: मी काहीतरी वाईट केलं, म्हणून मला टोचलं.

हा हिशोब सोडवणं, हे या कामाचं मूळ. इंग्रजीत याला हेल्थ प्ले स्पेशालिस्ट किंवा चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट म्हणतात. आमच्या वॉर्डात मला 'खेळणीवाली ताई' म्हणतात आणि माझी त्याला हरकत नाही. "हे कसं शिकायचं, कुठे शिकायचं" असं विचारणाऱ्या मुली भेटतात, मुलगेही भेटतात (कमी, पण भेटतात). त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी काम काय ते नीट समजून घ्या

मुलांना हसवत ठेवणं हा या कामातला सगळ्यात छोटा भाग. खरं काम तीन जागी असतं. उपचाराच्या आधी: काय होणार आहे ते मुलाला त्याच्या वयाच्या भाषेत, खेळातून, खरं खरं सांगणं. उपचार चालू असताना: त्याच्या शेजारी राहून ते पार पाडायला मदत करणं. आणि नंतर: जे झालं ते त्याला बाहुलीवर, चित्रात, मातीत पुन्हा खेळू देणं. मधल्या वेळेत साधा खेळ, कारण आठ दिवस खाटेवर पडलेल्या पोराला कंटाळाही येतो आणि कंटाळलेलं पोर जेवत नाही.

प्ले थेरपी, म्हणजे खेळातून मानसोपचार, हे वेगळं शास्त्र आहे, त्याचं प्रशिक्षण वेगळं. आपण थेरपिस्ट आहोत असं कुणाला सांगू नका.

हा व्यवसाय नवा नाही. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या सिटी हॉस्पिटलमध्ये एमा प्लँक यांनी १९५५ साली असा विभाग सुरू केला. ब्रिटनमध्ये १९५९ च्या प्लॅट अहवालाने सांगितलं की हॉस्पिटलातल्या मुलांना आईवडिलांना हवं तेव्हा भेटता आलं पाहिजे, आणि खेळाचीही सोय हवी. आज ब्रिटनमध्ये यासाठी फाउंडेशन डिग्री आहे आणि शिकून तयार झालेल्यांची नोंदवही ठेवली जाते. अमेरिकेत पदवी, बालविकासाचे ठरावीक विषय, अनुभवी माणसाच्या हाताखाली किमान ६०० तासांची इंटर्नशिप आणि मग परीक्षा, असा रस्ता आहे. आपल्याकडे या नावाचा सरकारी परवाना नाही. खेळणं हा मुलाचा हक्क आहे असं सांगणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमाला भारताने १९९२ मध्ये मान्यता दिली, पण त्या हक्कासाठी जिल्हा रुग्णालयात पद मात्र निघालेलं नाही. म्हणून रस्ता तुकड्यातुकड्यांनी जोडावा लागतो.

पहिली पायरी: पाया कुठला घ्यायचा

बारावी झालेली असेल तर इग्नूचा बालसंगोपन आणि शिक्षणाचा डिप्लोमा घरी राहून करता येतो. प्रवेशाआधी त्या वर्षीचं माहितीपत्रक बघा. पदवीसाठी गृहविज्ञानातला मानवविकास किंवा मानसशास्त्र चांगलं. समाजकार्याकडे ओढा असेल तर अमळनेर आणि चोपड्याला महाविद्यालयं आहेत. एमएसडब्ल्यूला क्षेत्रकार्य करावंच लागतं, ते हॉस्पिटलमध्ये मागून घ्या. डी.एड. किंवा बी.एड. विशेष शिक्षणातून करणार असाल तर कोर्स भारतीय पुनर्वसन परिषदेचा मान्यताप्राप्त आहे ना, एवढं तपासा. ती नोंदणी पुढे नोकरीला कामी येते, त्याविषयी खाली सांगते.

नर्सिंग केलेल्या मुली या कामात फार पटकन तयार होतात, कारण त्यांना वॉर्ड परका नसतो. आणि माझं मत विचाराल तर अंगणवाडी ताई सगळ्यात पुढे. तीस पोरांना एका खोलीत, एका सतरंजीवर, दोन तास रमवणाऱ्या बाईला बालविकास पुस्तकातून शिकवायची फारशी गरज नसते. तिला फक्त हॉस्पिटल शिकवावं लागतं.

दुसरी पायरी: कोणत्या वयाला काय भीती

हे पाठ नको, अंगात मुरायला हवं. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या लेकराला सुईपेक्षा आई नजरेआड होण्याची भीती मोठी. तिथे तुमचं पहिलं काम म्हणजे आईला खोलीबाहेर जाऊ न देणं. तीन ते सहा हे वय जादूचं: आजार आपल्या चुकीने झाला असं त्यांना खरंच वाटतं. 'रक्त काढणार' म्हटलं की सगळंच काढणार, असंही वाटतं. या वयाला शब्द जपून. सात ते अकराच्या मुलांना माहिती हवी असते. नळी कुठून जाते, किती वेळ राहते, पट्टी कधी निघते. त्यापुढच्या मुलांना पडदा हवा, खासगीपणा हवा आणि आपल्याला कुणी विचारलं याची जाणीव हवी. चौदा वर्षांच्या मुलासमोर खुळखुळा वाजवलात तर तो आठवडाभर तुमच्याशी बोलणार नाही, आणि बरोबरच आहे त्याचं.

किती आधी सांगायचं हेही वयावर. लहानग्याला अगदी थोडं आधी, नाहीतर तो रात्रभर रडेल. मोठ्याला आदल्या दिवशी, म्हणजे प्रश्न विचारायला वेळ मिळतो.

तिसरी पायरी: बाहुलीवर सराव

आता मुख्य गोष्ट. एक कापडी ठकी शिवून घ्या, सुती, धुता येईल अशी. चेहरा कोरा ठेवा. हसरा चेहरा काढलात तर घाबरलेल्या पोराला ती आपली वाटत नाही. तोंड मुलाला स्वतः काढू द्या. सोबत बिनसुईची सिरिंज, चिकटपट्टी, कापूस, बँडेजचा तुकडा, सलाईनच्या नळीचा छोटा तुकडा. हे सगळं सिस्टरकडून पाकीटबंद, न वापरलेलं मागून घ्या. वापरलेल्या वस्तूंच्या लाल पिशवीतली सिरिंज 'फक्त खेळायला' म्हणून उचलायची नाही, कधीच नाही.

एक प्रसंग सांगते. सातपुड्यातल्या पाड्यावरचा सहा वर्षांचा मुलगा, चुलीवरचं गरम पाणी उजव्या हातावर सांडलेलं. ड्रेसिंगची ट्रॉली दिसली की तो खाटेखाली जायचा. पहिल्या दिवशी मी त्याला काही सांगितलंच नाही. खाटेशेजारी जमिनीवर बसून ठकीच्या हाताला पट्टी गुंडाळत राहिले. तो खालून बघत होता. मी पट्टी मुद्दाम ढिली बांधली, ती सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा त्याने हात पुढे केला आणि पट्टीचं टोक धरून ठेवलं. एवढंच, त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी त्याने ठकीला सिरिंज टोचली. हाताला नाही, डोळ्यात. मग पोटात. मग बारा-पंधरा वेळा, दात आवळून. त्याच्या आजीने हात धरायला घेतला, मी तिला थांबवलं. तो ठकीला मारत नव्हता, हिशोब चुकता करत होता. त्यानंतर ड्रेसिंगला तो रडलाच नाही असं मी म्हणणार नाही. रडला. पण ट्रॉली आल्यावर खाटेखाली गेला नाही, आजीच्या मांडीवर बसला आणि दुसऱ्या हाताने ठकीची पट्टी सोडत राहिला.

सराव करताना ही वाक्यं घासून घ्या. "काही दुखणार नाही" हे आपलं वाक्य नाही. मी सुरुवातीला ते एका मुलीला म्हटलं होतं. तिने चार दिवस माझ्याकडे पाहिलं नाही, आणि वॉर्डातल्या बाकीच्या पोरांनाही तिने सांगून ठेवलं होतं की ही खोटं बोलते. "टोचल्यासारखं वाटेल, आपण पाचपर्यंत मोजू, तोवर सुई आत जाईल" हे खरं आहे, म्हणून चालतं. ज्याला 'नाही' म्हणता येणार नाही ते विचारू नका. "सुई लावायची का?" असं विचारलंत आणि तो "नको" म्हणाला, तर आता काय करणार? "डावा हात की उजवा?" विचारा, तेही सिस्टरने दोन्ही शिरा बघून होकार दिल्यावरच.

चौथी पायरी: सुईच्या वेळी कुठे उभं राहायचं

"धरा रे याला" अशी आरोळी होते आणि चौघं पोराला खाटेवर दाबतात. आडवं पाडून हातपाय धरले की मोठा माणूसही घाबरेल. त्याऐवजी मुलाला आईच्या मांडीवर, छातीला छाती लावून बसवा आणि जो हात हवा तोच मोकळा बाहेर काढा. आईची मिठी म्हणजेच पकड. हे तुमच्या मनाने करायचं नाही, आधी सिस्टरशी आणि डॉक्टरांशी बोलून ठरवा. काही ठिकाणी नकार मिळेल. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा.

अंगावर पिणारं बाळ असेल तर लस टोचताना किंवा अगदी आधी त्याला पाजावं, आईने कडेवर धरावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सांगितलं आहे. टोचणाऱ्याने "आता सुरू करते" असं साधं बोलावं, असंही त्यात आहे. हे कागद छापून वॉर्डात न्या. आपण सांगितलं तर "ही कोण सांगणारी" होतं, कागदाने सांगितलं तर ऐकतात.

खोलीत एकच आवाज ठेवा. आई, मावशी, सिस्टर आणि तुम्ही चौघी एकदम "झालं झालं" म्हणत असाल तर पोराला काहीच ऐकू येत नाही. फुंकर हे सगळ्यात स्वस्त औषध: साबणाचे फुगे, भिरभिरं, नाहीतर तळहातावरची काल्पनिक मेणबत्ती. फुंकताना श्वास लांबतो आणि मूठ सैल होते. रबरी फुगे मात्र वॉर्डात नकोत, फुटलेला तुकडा लहान पोराच्या घशात अडकतो. मोबाइलबद्दल माझं मन साशंक आहे. कार्टून लावून चोरून सुई टोचली की काम होतं खरं, पण पुढच्या वेळी तेच पोर मोबाइल दिसला की रडायला लागतं.

पाचवी पायरी: भाषा

मी अहिराणी घरातली. "तुनं नाव काय शे?" म्हटलं की धुळ्या-अमळनेरकडच्या पोराच्या चेहऱ्यावर फरक दिसतो. "काय दुखस तुले?" हे घरातलं कुणी विचारतंय असं त्याला वाटतं. पण वर सांगितलेला मुलगा पावरी बोलणारा होता आणि तिथे माझी अहिराणी काहीच कामाची नव्हती. मी त्याच्या आजीकडून पाच शब्द लिहून घेतले: पाणी, आई, दुखतं, थांब आणि संपलं. यातला 'संपलं' सगळ्यात मोलाचा. पोराला नेमकं कळायला हवं की आता झालं, आता कुणी हात लावणार नाही. ज्या वॉर्डात हा शब्द कुणी मुलाच्या भाषेत म्हणत नाही, तिथे ते ट्रॉली गेल्यावरही रडत राहतं.

वॉर्डात जाताना एक छोटी वही ठेवा. भिलोरी, पावरी, लेवा गणबोली, तडवींच्या घरातली बोली, जे कानावर पडेल ते उच्चारासह. वर्षभरात असा शब्दकोश तयार होतो की डॉक्टरही मागायला येतात.

खानदेशात जास्त भेटणारी मुलं

नंदुरबार जिल्ह्यात काम करणार असाल तर पोषण पुनर्वसन केंद्र, म्हणजे एनआरसी, तुमची खरी शाळा. तीव्र कुपोषित बाळावर उपचाराच्या ज्या दहा पायऱ्या जागतिक आरोग्य संघटनेने ठरवल्या, त्यातली नववी पायरी आहे मायेचा स्पर्श आणि खेळ: रोज १५ ते ३० मिनिटं ठरवून घेतलेला खेळ. आहाराचा तक्ता भिंतीवर असतो, खेळाचा नसतो. तो तुम्ही लावा. ही बाळं सुरुवातीला खेळतच नाहीत. डोळे दुसरीकडे, हात लुळे. त्यांच्याशी खेळणं म्हणजे समोर बसून हळू गाणं म्हणणं आणि वाट बघणं. एक दिवस ते तुमची बांगडी ओढतं, त्या दिवशी केसपेपरवर लिहून ठेवा.

खेळणी आईच्या हातून बनवून घ्या. छोट्या बाटलीत तुरीचे दाणे घालून झाकण पक्कं चिकटवलं की खुळखुळा. चिंध्यांचा चेंडू. बाटल्यांच्या मोठ्या झाकणांची माळ. तीन वर्षांखालच्या पोराला चिंचोके, मणी, सागरगोटे द्यायचे नाहीत. आईला हे शिकवायचं कारण असं की ती केंद्रातले चौदा दिवस टिकेलच याची खात्री नसते. घरी शेळ्या कोण बघणार, हा तिचा प्रश्न खरा असतो. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघायचं असेल तर तीही घाई असते. ती निघून गेली तरी खुळखुळा तिच्यासोबत जातो.

दुसरी मुलं सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. २०२३ मध्ये देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, पण दुखण्याचा झटका आलेल्या बारा वर्षांच्या मुलाला अभियान दिसत नाही, छतावरचा पंखा दिसतो. ही मुलं वर्षात पुन्हापुन्हा येतात, त्यामुळे त्यांच्याशी तुमचं नातं लांबचं. शाळेची वही आणायला सांगा. एक गोष्ट ध्यानात ठेवा: थंडी या मुलांना बाधते. इतरांचं लक्ष वळवायला बर्फाचा खडा किंवा गार पाण्यातला खेळ चालतो, यांना तो नको.

स्वच्छता आणि नियम

थोडक्यात सांगते, पण हे चुकलं तर बाकी सगळं फुकट. कामाला लागण्याआधी हिपॅटायटिस बीचे तीन डोस पूर्ण करा: पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जाताना हात धुवा. केसाळ टेडी वॉर्डात आणू नका, तो धुतला जात नाही. प्लॅस्टिकचं खेळणं प्रत्येक मुलानंतर पुसलं जायला हवं, कशाने ते सिस्टरला विचारा. पोळ्याला आम्ही मातीचे बैल देतो. कच्ची माती धुता येत नाही, म्हणून एका मुलाला एक बैल, आणि तो त्याने घरी न्यायचा. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांना तोही नाही.

मुलांचे फोटो काढू नका, स्टेटसला ठेवू नका. कुणाचातरी वाढदिवस असतो, वॉर्डात फळवाटप होतं, एका केळ्याला सहा हात लागतात आणि मध्ये सलाईन लावलेलं पोर कॅमेऱ्याकडे बघत असतं. रावेर-यावलच्या मातीत केळ्याची एवढी काय नवलाई, पण फोटो हवाच. अशा वेळी मी त्या पोराला खेळायच्या निमित्ताने बाजूला घेते. कुणी रागावलं तर रागावू दे.

खेळता खेळता मूल कधी असं काही सांगतं की अंगावर काटा येतो. खोदून विचारायचं नाही. त्याचेच शब्द तसेच लिहून काढायचे आणि त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगायचं. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा क्रमांक तोंडपाठ असू द्या.

पोटापाण्याचं

जिल्हा रुग्णालयात 'खेळतज्ज्ञ' अशी जाहिरात निघत नाही. लोक दुसऱ्या दारातून आत येतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, त्याखाली जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र, असतं. तिथे मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, विशेष शिक्षक अशी पदं असतात. पुनर्वसन परिषदेची नोंदणी म्हणाले ती इथे लागते. पदं कंत्राटी. खासगी बाल रुग्णालयांत समुपदेशक म्हणून घेतात आणि हळूहळू खेळाचा कोपरा तुमच्याकडे येतो. शनिवार-रविवार येऊन काम करणाऱ्या शिक्षिका मी पाहिल्या आहेत, फार चांगल्या असतात. मोठं केंद्र बघायचं असेल तर मुंबई. खानदेशातली कॅन्सरची मुलं उपचाराला परळला जातात, आणि त्यांच्या कुटुंबांना मोफत राहायला देणाऱ्या सेंट ज्यूड्ससारख्या संस्था तिथे आहेत. स्वयंसेवक म्हणून काही महिने काढता आले तर काढा.

पहिली दोन वर्षं दुसऱ्या पगाराची सोय ठेवून या. मी दुपारी शिकवण्या घेत होते.

अर्ज कसा करायचा

जिल्हा रुग्णालयासाठी जिल्हा शल्य चिकित्सकांच्या नावे अर्ज लिहा, वैद्यकीय महाविद्यालय असेल तर अधिष्ठात्यांच्या नावे आणि प्रत बालरोग विभागप्रमुखांना. एक पानापेक्षा मोठा नको. कोणते दिवस, किती ते किती, काय करणार, काय करणार नाही (औषध देणार नाही, फोटो काढणार नाही, सिस्टरच्या परवानगीशिवाय मुलाला खाटेवरून उठवणार नाही). सोबत ओळखपत्र, शिक्षणाचे दाखले, लसीची नोंद, पोलिसांचा चारित्र्य दाखला. वेळ डॉक्टरांचा राऊंड संपल्यानंतरची मागा, साधारण अकरापासून. राऊंडच्या आधी गेलात तर सगळ्यांच्या पायात याल. इन्चार्ज सिस्टरना अर्जाआधी एकदा भेटून या, कारण सही साहेबांची असली तरी वॉर्ड त्यांचा असतो. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. माझा पहिला अर्ज त्या शिक्क्याशिवाय गेला होता, तो अजून कुठल्यातरी टेबलावर असेल.